उसाच्या फडाशेजारचं वावर

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याकडे आधी मैदानं आठवतात. सबायना पार्क, क्वीन्स पार्क ओव्हल, बोर्डा, केन्सिंग्टन ओव्हल. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ तिकडे गेला, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी मालिकेत ६४२ धावा काढल्या, सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४, आणि पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून आपण तिथली पहिली मालिका घेऊन आलो. वडिलांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की किंग्स्टन आणि ब्रिजटाउन मला लहानपणी आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांसारखे वाटायचे.

या नकाशात मात्र एक मोठं भगदाड आहे. त्यात क्यूबा नाही, हैती नाही, डोमिनिकन रिपब्लिक नाही, पोर्तो रिको नाही. कॅरिबियन बेटांवरची बहुसंख्य माणसं राहतात ती इथेच. पण तिथे इंग्रजांचं राज्य टिकलं नाही, म्हणून क्रिकेट रुजलं नाही, म्हणून आपल्या डोक्यातही ती बेटं नाहीत. एका वसाहतीतल्या माणसांनी दुसऱ्या वसाहतीकडे पाहायचं, तेही मालकाच्या खिडकीतून! वसाहतोत्तर भूगोल नावाचा जो अभ्यास आहे तो माझ्या लेखी इथून सुरू होतो. नकाशा कोणी काढला, कोणाच्या सोयीसाठी काढला, आणि त्यातून कोण गळालं?

मी ऊसपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमच्या अभ्यासक्रमात ऊस येतो तो तापमान, पर्जन्यमान, जमीन, सिंचन आणि उत्पादन अशा क्रमाने. मजूर शेवटी, एका ओळीत. वर्गातली काही मुलं दिवाळी झाली की ऊसतोडीला जाऊन दिसेनाशी होतात आणि हंगाम संपून कारखान्यांचा पट्टा पडला की उन्हातून रापून परत येतात. हा धडा त्यांच्यासमोर शिकवताना मला दरवर्षी अवघडल्यासारखं व्हायचं. त्या अवघडलेपणातून शोधता शोधता मी सिडनी मिंट्झ यांच्यापर्यंत पोचले. ते पदवीने मानवशास्त्रज्ञ, पण माझ्या वाचनातला सर्वांत चांगला भूगोल त्यांनी लिहिलेला आहे.

मिंट्झ यांचा जन्म १९२२ चा, न्यू जर्सीतल्या डोव्हर या गावातला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. वडील छोटी खाणावळ चालवायचे, आणि अन्नाकडे पाहायची मिंट्झ यांची नजर त्या खाणावळीत तयार झाली असं मला वाटतं. महायुद्धात ते अमेरिकी हवाई दलात होते आणि ताऱ्यांवरून दिशा कशी काढायची ते शिकवायचे. युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे जूलियन स्ट्यूअर्ड या प्राध्यापकांनी पोर्तो रिकोचा अभ्यास हाती घेतला होता. बेटावरच्या वेगवेगळ्या भागांत एकेक संशोधक पाठवायचा अशी योजना होती. एरिक वुल्फ डोंगरातल्या कॉफीच्या प्रदेशात गेले. मिंट्झ यांच्या वाट्याला दक्षिण किनाऱ्यावरचा ऊस आला.

साल १९४८. सांता इसाबेल तालुक्यातली हाउका ही वस्ती. डोंगरापासून समुद्रापर्यंत सपाट जमीन, आणि तिच्यावर ऊसच ऊस. तो थेट रस्त्याला टेकलेला, घरांच्या पायरीपर्यंत आलेला. परसाला जागा नाही, भाजीचा वाफा नाही, शेळी बांधायला खुंटा ठोकायची सोय नाही. १८९८ मध्ये हे बेट स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं आणि पाठोपाठ अमेरिकी कंपन्या आल्या. जुन्या घराण्यांच्या हवेल्यांभोवतीच्या जमिनी एकत्र करून त्यांनी अजस्र कारखाने उभे केले. आधीच्या जमीनदारांकडे पिळवणूक होतीच, तिचं गुणगान करायचं कारण नाही. पण तिथे मजुराला निदान चार हात जमिनीत काही लावता यायचं. कंपनीला तेवढीही जमीन उसाशिवाय ठेवणं परवडेना. मजुराकडे उरली फक्त मजुरी. तोडणी चालू असेल तेव्हा हातात पैसा, आणि हंगाम संपला की महिनोन्‌महिने दुकानाची उधारी. खायचा तांदूळ जहाजातून यायचा, खारवलेला मासा जहाजातून यायचा. सभोवार हिरवंगार रान, आणि ताटात त्यातलं काहीही नाही.

इथेच मिंट्झ यांना तासो भेटले. पूर्ण नाव अनास्तासिओ सायास आल्वारादो, जन्म १९०८ चा. लहानपणापासून उसात राबलेले, युनियनच्या कामात पुढे असलेले, राजकारणाची उत्तम जाण असलेले. मिंट्झ यांचं स्पॅनिश तेव्हा कच्चं होतं. वस्तीत वावरायचं कसं, कोणाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे तासोंनी त्यांना शिकवलं. संशोधक आणि ‘माहिती देणारा’ असे कप्पे संशोधनाच्या पुस्तकांत असतात. या दोघांच्या बाबतीत ते टिकले नाहीत. ही मैत्री पुढे आयुष्यभर चालली.

मग एक घटना घडली, आणि मिंट्झ यांच्या कामाला मी मान देते तो मुख्यतः त्यांनी तिचं जे केलं त्यासाठी. तासो पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथात गेले. युनियनचा, राजकारणातला, रोखठोक माणूस प्रार्थनासभांत हात उंचावून गाऊ लागला. मिंट्झ गोंधळले. एखाद्या डाव्या विचाराच्या अभ्यासकाने ‘निराशेपोटी धर्माकडे वळला’ असं लिहून विषय मिटवला असता. मिंट्झ १९५३ मध्ये परत गेले, समोर बसले आणि तासोंना त्यांचं सगळं आयुष्य सांगायला लावलं. बालपण, पोरकेपण, पहिली मजुरी, एलीशी झालेला संसार, मुलं, संप, निवडणुका, अंगातलं जुनं दुखणं आणि त्या प्रार्थनासभेत बरं वाटल्याचा अनुभव. त्यातून १९६० मध्ये ‘वर्कर इन द केन’ हे पुस्तक आलं. बराचसा मजकूर तासोंच्या स्वतःच्या शब्दांत आहे. उक्त्या कामात किती मिळायचं, मुकादम कसा बोलायचा, पहिल्या पगारातून काय घेतलं, हे सगळं तासो बारकाईने सांगतात. त्यातून एका बेटावर अमेरिकी भांडवल कसं शिरलं हे मला जितकं कळलं तितकं कोणत्याही आकडेवारीच्या तक्त्यातून कळलं नव्हतं. एली त्यात बोलतात, पण कमी बोलतात, ही या पुस्तकाची मोठी उणीव आहे. तो संसार दोघांचा होता.

दुसरा कोणी असता तर हाउकाच्या भांडवलावर जन्म काढला असता. मिंट्झ येल विद्यापीठात शिकवायला लागले आणि लगेच पुढचा प्रश्न घेऊन जमैकाला गेले. उसाच्या मळ्याने सगळंच गिळलं, तर मग कॅरिबियनमध्ये लहान शेतकरी आला कुठून?

जमैकात याचं उत्तर डोंगरउतारावर होतं. इंग्रज मळेवाल्यांना गुलामांना पोसायचा खर्च जड जायचा. म्हणून ज्या खडकाळ चढणीवर ऊस येत नाही तिथले तुकडे त्यांनी गुलामांना नेमून दिले. आठवडाभर मळ्यात राबायचं, आणि उरलेल्या वेळात डोंगरावर जाऊन स्वतःचं अन्न पिकवायचं. मालकाचा हिशेब एवढाच. पण त्या तुकड्यांवर सुरण-कोनफळाच्या जातीचे कंद, अळकुड्या, केळी, मका पिकू लागलं आणि खाऊन उरू लागलं. उरलेलं रविवारी बाजारात जाऊ लागलं. कायद्याने जो माणूस स्वतःच मालमत्ता, तो बाजारात मोजमाप करून माल विकतो, पैसे गाठीला बांधतो, आपलं वावर मुलाकडे सोपवून मरतो, आणि गोरा मालकही सहसा त्या रिवाजाला हात लावत नाही! १७७४ मध्ये जमैकाचा इतिहास लिहिणारा एडवर्ड लाँग हा स्वतः मळेवाला आणि गुलामगिरीचा कट्टर पाठीराखा. त्याचाच अंदाज असा होता की बेटावरच्या नाण्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा गुलामांच्या हातात खेळतो. मिंट्झ यांनी डग्लस हॉल या इतिहासकाराबरोबर १९६० मध्ये या बाजारांचा उगम मांडला तेव्हा हे सगळं एका सूत्रात आलं.

माझं या कामावर जे प्रेम आहे ते इथे येऊन पक्कं झालं. कॅरिबियनचा इतिहास सांगायचा म्हणजे मळा, चाबूक आणि जहाज सांगायचं, हे खरंच आहे. अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी माणसांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास या बेटांवर उतरवली गेली, आणि त्यांचं काय झालं हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पण मळ्याचा नकाशा मालकाचा असतो. त्यात डोंगरावरचं वावर बिनकामाची जमीन म्हणून पांढरं सोडलेलं असतं. मिंट्झ त्या पांढऱ्या जागेत जाऊन उभे राहिले. तिथे माणसांनी स्वातंत्र्य मिळण्याआधी स्वतंत्र माणसासारखं जगायला सुरुवात केली होती, हे त्यांना दिसलं.

१ ऑगस्ट १८३८ ला जमैकातली वेठ पूर्ण संपली तेव्हा हजारो लोकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. बाप्टिस्ट पाद्र्यांच्या मदतीने डोंगरात जमिनी विकत घेऊन त्यांनी मुक्त गावं वसवली. अशा स्टर्ज टाउन नावाच्या गावात मिंट्झ १९५२ मध्ये राहिले. घर लहान, पण अंगण हेच खरं घर, असं त्यांचं निरीक्षण आहे. स्वयंपाक अंगणात, गप्पा अंगणात, पूर्वजांची थडगी तिथेच. बाळाची नाळ अंगणात पुरायची आणि तिच्यावर झाड लावायचं, ते झाड त्या मुलाचं. कुटुंबाची जमीन विकायची नसते, ती सगळ्या वंशजांची. जिथे नाळ पुरली तिथे जीव ओढ घेतो हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

आणि त्या अंगणातली झाडं पाहा. विल्यम ब्लाय हा इंग्रज कप्तान १७९३ मध्ये ताहितीहून नीरफणसाची रोपं घेऊन आला, ती गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. आपल्या कोकणातल्या परसात उभा असतो तोच नीरफणस. आंबा जमैकात आला १७८२ मध्ये, इंग्रजांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजातून. जहाजावरच्या रोपांना क्रमांक होते, म्हणून तिथे एका आंब्याचं नाव आजही ‘नंबर इलेव्हन’ आहे. साम्राज्याने स्वतःच्या फायद्यासाठी आणलेली झाडं लोकांनी आपल्या अंगणात लावून घेतली आणि आपली केली.

१९५८ मध्ये मिंट्झ हैतीत गेले, दक्षिणेकडच्या फाँ-दे-नेग्र या बाजारगावात. हैतीने तर मळा पेटवूनच स्वातंत्र्य घेतलं होतं, १८०४ साली. गंमत म्हणजे त्यांच्या पहिल्या पुढाऱ्यांनाही मळा हवाच होता. तूसाँ लूव्हेर्तूर आणि पुढे उत्तरेतले राजे ख्रिस्तोफ यांनी सैन्याच्या धाकाने लोकांना पुन्हा उसात जुंपायचा प्रयत्न केला. निर्यात नाही तर बंदुका कशाने घ्यायच्या, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण लोकांनी ऐकलं नाही. त्यांना स्वतःचं वावर हवं होतं. दक्षिणेतले अध्यक्ष पेतियाँ यांनी सैनिकांना जमिनी वाटल्या आणि हैती लहान शेतकऱ्यांचा देश झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने स्वातंत्र्याला मान्यता देण्याची किंमत म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले, आणि ते ओझं याच शेतकऱ्यांच्या कॉफीवरच्या करातून पिढ्यान्‌पिढ्या फेडलं गेलं. हैती गरीब का, असं विचारणाऱ्याने आधी ही पावती वाचावी.

या देशाचा बाजार बायका चालवतात. मिंट्झ त्यांच्यामागे गावोगाव फिरले, त्यांच्या टोपल्या मोजल्या, कोणत्या डब्याने काय मापतात ते टिपलं. तिथे ‘प्रातिक’ नावाचं नातं आहे. विकणारी आणि घेणारी यांचं बांधलेलं गिऱ्हाईकपण. प्रातिक असलेल्या बाईला भाव तोच सांगायचा, पण माप जरा वर भरायचं, किंवा आठवड्याची उधारी द्यायची. आपली भाजीवाली नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या न मागता टाकते, तसंच. टंचाईच्या दिवशी माल आधी या गिऱ्हाइकाकडे यायचा, आणि बदल्यात मंदीच्या दिवशी तिने दुसरीकडे जायचं नाही. शहरातल्या अर्थतज्ज्ञांना हा बाजार म्हणजे पैपैसाठी तासन्‌तास घालवणाऱ्या बायकांचा गोंधळ वाटायचा. मिंट्झ यांनी दाखवलं की भांडवल नसलेल्या माणसांनी धोका वाटून घेण्याची ही अत्यंत काटेकोर व्यवस्था आहे. जो माल ट्रकने आणणं कोणालाच परवडणार नाही तो या बायका डोक्यावरून आणतात आणि राजधानीचं पोट भरतात. संशोधकाने ज्यांचा अभ्यास करायचा त्यांना आधी हुशार समजावं, ही साधी गोष्ट मी या निबंधांतून शिकले.

यानंतरच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगते. येलमध्ये आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाचा विभाग उभा राहिला त्यात मिंट्झ यांचा हात होता. १९७५ मध्ये ते जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि रिचर्ड प्राइस यांच्यासह तिथला मानवशास्त्र विभाग सुरू केला. या दोघांनी मिळून एक महत्त्वाचं म्हणणं मांडलं. गुलाम म्हणून आलेली माणसं वेगवेगळ्या मुलखांतली, वेगवेगळ्या भाषांची होती. त्यांनी आफ्रिकेतून जशीच्या तशी संस्कृती आणली नाही, आणि ती कोरी पाटी घेऊनही उतरली नाहीत. जहाजाच्या तळात शेजारी साखळलेल्या दोघांत नातं जुळलं, आणि ते सख्ख्या नात्याइतकं पाळलं गेलं. संस्कृती तिथूनच नव्याने बांधली जाऊ लागली. १८४५ पासून त्रिनिदादला गिरमिटावर गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचंही ‘जहाजी भाई’ हे नातं असंच होतं. त्यात बहुतेक पूरब आणि मद्रासकडचे लोक, मराठी फारसे नव्हते. पण कढई-कालवणासकट आपला देश त्या किनाऱ्यावर पोचला तो त्यांच्यामुळे.

मिंट्झ जगभर माहीत झाले ते १९८५ च्या ‘स्वीटनेस अँड पॉवर’ या पुस्तकाने. हाउकात पडलेला प्रश्न त्यांनी पस्तीसेक वर्षांनी पुरा केला: हा एवढा ऊस शेवटी खातं कोण? १७०० च्या सुमारास इंग्लंडात माणशी वर्षाला सुमारे ४ पौंड साखर लागायची, १८०० मध्ये सुमारे १८ पौंड, आणि पुढच्या शतकात हा आकडा कितीतरी पटींनी चढला. राजाच्या मेजावरची चैन गिरणी कामगाराच्या चहात आणि जॅममध्ये उतरली. ज्याला दुपारी शिजवायला वेळ नाही त्याचं पोट गोड चहा-पावावर निभावलं. म्हणजे बार्बाडोसचा गुलाम आणि मँचेस्टरचा कामगार एकाच धाग्याने बांधले गेले.

यातलं सर्वांत खोल विधान मात्र उत्पादनाबद्दल आहे. ऊस तोडला की थांबता येत नाही, लगेच गाळावा लागतो, नाहीतर उतारा घसरतो. हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे सतराव्या शतकातल्या त्या मळ्यांवर तोडणी, वाहतूक, चरक आणि काहिली यांचं घड्याळाबरहुकूम वेळापत्रक होतं. रात्रपाळ्या होत्या, कामाची काटेकोर वाटणी होती. चरकात हात सापडला तर तो तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. इंग्लंडात गिरण्या उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी हा कारखाना होता, उघड्या शेतात उभा केलेला. आधुनिक जग युरोपात जन्मलं आणि बाकीच्यांकडे उशिरा पोचलं हे आपण शाळेपासून पाठ करतो. मिंट्झ यांचं म्हणणं असं की कॅरिबियनची माणसं आधुनिकतेच्या रगाड्यात सर्वांच्या आधी भरडली गेली. माणसाला त्याच्या मातीतून उपटून, अनोळखी लोकांत, यंत्राच्या वेगाने राबवणं ही गोष्ट त्यांनी आधी भोगली. माझ्या मते जगाचा भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकाने इथून सुरुवात करायला हवी.

२०१० मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी जमैका, हैती आणि पोर्तो रिको या तीन जुन्या वसाहतींवर पुस्तक लिहिलं. इंग्रज, फ्रेंच आणि स्पॅनिश असे तीन मालक, ऊस तोच, आणि तरी तीन निराळी माणसं. डिसेंबर २०१५ मध्ये ते गेले.

आता माझ्या वर्गाबद्दल. मिंट्झ हाउकात तासोंशी बोलत होते त्याच सुमारास इकडे प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करत होते. कंपनीच्या जागी सभासद मालक झाला, ही लहान गोष्ट नव्हती. तोडणारा मात्र सभासद नव्हता, आणि आजही नाही. तो बीडकडून येतो, उचल घेऊन येतो, फडाशेजारी कोपीत राहतो. माझ्या धड्यातली ती एक ओळ मी आता पहिली आणली आहे. मुलांना सांगते, नकाशा फडातून काढायला सुरुवात करा. कोण कुठून आलं, ताटातली ज्वारी कुठून आली, हातात रोख पैसा कधी आणि कशाचा येतो?

हा प्रश्न विचारला तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, वाढ्याचा.” तिचे आईवडील तोडणीला जातात. मजुरी उचलीत वळती होते, पण उसाच्या शेंड्याचं वाढं तोडणाऱ्याचं. आई संध्याकाळी त्याच्या पेंढ्या बांधते, गुरंवाले येऊन घेऊन जातात, आणि रोजचं मीठमिरची-तेल त्या पैशांतून येतं. कोणत्या गवळ्याला पेंढी जरा जाड द्यायची हे आई ठरवते, असंही तिने सांगितलं. मला फाँ-दे-नेग्रच्या बायका आठवल्या. कारखान्याच्या नोंदीत ऊस टनांवारी असतो, उतारा दशांशापर्यंत असतो, आणि वाढ्याचा रकाना नसतो. येत्या हंगामात त्या मुलीसह काही जण कोप्यांवर जाऊन पेंढ्यांचा भाव, गिऱ्हाइकं, उधारी आणि तो पैसा कोणाच्या हातात राहतो हे लिहून काढणार आहेत. सुरुवात तिच्या आईपासून करायची असं ठरलं आहे.